‘पूर्वी कॉलेजचे खेळाडू फक्त खेळायचे’ हे खरं नाही

‘अमेरिकेतले कॉलेजचे खेळाडू पूर्वी मुकाट खेळायचे, वर्णद्वेषाचा निषेध हे सोशल मीडियाचं फॅड’ असं वर्षानुवर्षं फॉरवर्ड होतं. असं वाटणं साहजिक आहे, कारण जुने निषेध मोबाइलवर दिसत नाहीत.

पण तारखा पाहा. १९५१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉल संघ नऊच्या नऊ सामने जिंकला. मोठ्या स्पर्धेत यायचं तर दोन कृष्णवर्णीय खेळाडूंना घरी ठेवा, असं त्यांना सुचवलं गेलं. अख्ख्या संघाने नकार दिला.

१९६९ मध्ये अमेरिकेतल्याच वायोमिंग विद्यापीठाच्या फुटबॉल संघातले १४ कृष्णवर्णीय खेळाडू दंडाला काळ्या फिती बांधून प्रशिक्षकांकडे गेले. ज्यांच्याशी सामना होता ते विद्यापीठ चालवणारं चर्च कृष्णवर्णीयांना पुरोहितपद नाकारायचं; त्याच्या निषेधार्थ सामन्यात फीत बांधू का, एवढंच विचारायचं होतं. प्रशिक्षकांनी चौदाही जणांना संघातून काढलं. वायोमिंग विद्यापीठाने माफी मागितली ती थेट २०१९ मध्ये! त्यामुळे ‘निषेध करायला यांचं काय जातंय’ असं म्हणतात, तेही मला पटत नाही. ऐन उमेदीत त्यांची संघातली जागा गेली.

पडताळायचं असेल तर ‘वायोमिंग, ब्लॅक १४, १९६९’ एवढं शोधा आणि त्या काळच्या वृत्तपत्रांवरची तारीख वाचा.