बहुनिकष निर्णयपद्धती (पर्यावरण व नैसर्गिक संसाधने)

एकाच मापाने तोलता न येणारे निकष शेजारी शेजारी मांडून उपलब्ध पर्यायांची तुलना करण्याची पद्धती. धरण, जंगल, खाणपट्टा, नदीकाठची वस्ती यांबाबत निर्णय घेताना काही परिणाम रुपयांत मोजता येतात, काही फुटांत वा हेक्टरांत. काही मोजमापाला दादच देत नाहीत. लाभ-खर्चाच्या हिशेबात या सगळ्याचे रुपये करावे लागतात. या पद्धतीत प्रत्येक निकष त्याच्या मापाने मोजतात, मग त्याला ० ते १०० असे गुण देतात आणि निकषाच्या महत्त्वानुसार भारांक लावून बेरीज करतात.

कोल्हापूरच्या महापुराचा प्रश्न या पद्धतीचा कस पाहणारा आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, तर धोका पातळी ४३ फूट आहे; २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले आणि शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला. तेव्हापासून पुराचे पाणी अडवणारा महामार्गाचा भराव काढून तेथे खांबांवरचा पूल करावा, या मागणीने जोर धरला. दुसरा पर्याय पूररेषेतील वस्ती हलवण्याचा. प्रयाग चिखलीच्या लोकांना सोनतळीला जागा मिळाल्या, तरी रान आणि गोठा नदीकाठीच असल्याने अनेकांचा संसार चिखलीतच राहिला. पहाटेची धार आणि घरापासून रानापर्यंतचे अंतर हे निकष सरकारी तक्त्यात क्वचितच येतात, पण पुनर्वसन टिकणार की नाही हे तेच ठरवतात.

समजा (आकडे केवळ उदाहरणापुरते), जीवितसुरक्षेत पुलाला ५० आणि पुनर्वसनाला ९० गुण मिळाले. शेतीशी जवळीक या निकषावर अनुक्रमे ९० आणि ३०. सुरक्षेला ०.७ आणि जवळिकीला उरलेला ०.३ भारांक दिला तर पुनर्वसन ७२ विरुद्ध ६२ असे जिंकते. दोन्ही निकषांना समान भारांक दिला की पूल ७० विरुद्ध ६० ने पुढे जातो. सुरक्षेचा भारांक ०.६ असताना पारडे फिरते. हा आकडा शोधण्याला संवेदनशीलता तपासणी म्हणतात. अंतिम क्रमवारीपेक्षा तोच अधिक मोलाचा, कारण गावकरी आणि अभियंता नेमके कशावरून भांडत आहेत ते त्यातून कळते. भारांक गणितातून निघत नाहीत, ते माणसांनी ठरवायचे असतात. म्हणून ते कोणी ठरवले याची नोंद नसलेला अहवाल अपुराच समजावा.

भारांक काढण्याची एक प्रचलित रीत टॉमस साटी यांनी १९७० च्या दशकात मांडली. तीत निकषांच्या जोड्या लावून एक दुसऱ्यापेक्षा किती महत्त्वाचा हे १ ते ९ या श्रेणीत सांगायचे असते. उत्तरांतली विसंगतीही तपासली जाते. फ्रान्समध्ये बर्नार रॉय यांनी १९६० च्या दशकात वेगळी वाट धरली. त्यांच्या पद्धतीत एखाद्या निकषावर पर्याय फारच कमी पडला तर त्याला नकाराधिकार लागू होतो, बाकीचे गुण कितीही असोत.

हा फरक पाण्याच्या बाबतीत कळीचा ठरतो. नुसत्या बेरजेत एका निकषाचे नुकसान दुसऱ्यातून भरून निघते. पिण्याच्या पाण्याची तूट उसाच्या वाढीव उत्पन्नाने भरून निघाली, असे कागदावर सिद्ध करता येते. अशा निकषांना भारांकाऐवजी किमान अट लावणे हेच योग्य. कोल्हापूरच्या वरच्या अंगाला असलेल्या राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. जलाशय भरला की ते आपोआप उघडतात आणि एकेका दरवाज्यातून १,४२८ क्युसेक विसर्ग होतो. त्यांना पाण्याची पातळी हा एकच निकष कळतो. खालच्या नद्यांना आधीच फूग आली आहे का (पाणी तुंबून मागे चढले आहे का), धरण आगाऊ रिकामे केले आणि पुढे पावसाने ओढ दिली तर उन्हाळ्यात आवर्तनाला (ठरावीक पाळीने सोडायच्या सिंचनाला) पाणी पुरेल का, हे माणसांनाच तोलावे लागते, तेही ऐन पावसाळ्यात.

पश्चिम घाटासाठी २०१० मध्ये नेमलेल्या माधव गाडगीळ समितीने निकषांवर गुण देण्याची रीत फार मोठ्या प्रदेशावर वापरली. सुमारे ९ किमी × ९ किमी चौकोन पाडून उंची, उतार, प्रदेशनिष्ठ वनस्पती, जंगलाचे प्रमाण अशा निकषांवर प्रत्येकाला गुण दिले आणि त्यावरून संवेदनशीलतेच्या तीन श्रेणी सुचवल्या. शाहूवाडी, राधानगरी वा चंदगडकडे एवढ्या एका चौकोनात बॉक्साइटचा सडा (खडकाळ पठार), देवराई, उसाचे रान आणि वाड्यावस्त्या एकत्र सापडू शकतात. अंतिम सीमा ग्रामसभांशी बोलून ठरवाव्यात, असे समितीने म्हटले होते. ही शिफारस चर्चेत मागे पडली आणि नकाशाच तेवढा गाजला.

निकषांची यादी करताना कोणाला बोलावले, यावरही निकाल अवलंबून असतो. दूधगंगा नदीवरच्या काळम्मावाडी धरणातून थेट पाइपलाइनने २०२३ मध्ये कोल्हापूर शहरात पाणी आले. इचलकरंजीसाठी मात्र त्याच दूधगंगेवर सुळकूड येथून योजना आखली गेली, तेव्हा नदीकाठच्या शेतकऱ्यांनी विरोध केला. शहराची तहान आणि शेतीचे पाणी हे दोन्ही निकष रास्त आहेत. खालच्या अंगाच्या गावांना ते योजना मंजूर होण्याआधी एकाच तक्त्यात मांडलेले हवे असतात.