क्रेसेंट

चंद्रकोरीसारख्या आकाराला वापरला जाणारा इंग्रजी शब्द. मुळात तो आकाराचा शब्दच नव्हे. लॅटिनमध्ये ‘क्रेस्केरे’ म्हणजे वाढणे, आणि ‘लूना क्रेस्केन्स’ म्हणजे वाढता चंद्र, आपल्या शुक्ल पक्षातला. जुन्या फ्रेंचमार्गे शब्द इंग्रजीत आला. तिथे वाढीचा अर्थ हळूहळू गळाला आणि कोरीचा आकार तेवढा उरला. म्हणूनच वद्य त्रयोदशीच्या पहाटे दिसणारी, रोज झिजणारी कोरही इंग्रजीत क्रेसेंटच ठरते. मुळाकडे पाहिले तर ‘घटता वाढता’! इन्क्रीज, क्रेसेंडो, रिक्रूट आणि चक्क काँक्रीट हे याच धातूचे गोतावळे.

युरोपातील कुलचिन्हांच्या शास्त्राने मात्र भेद जपला. टोके वर असतील तर क्रेसेंट, बघणाऱ्याच्या डावीकडे असतील तर इन्क्रेसेंट, उजवीकडे असतील तर डिक्रेसेंट.

खऱ्या चंद्रकोरीची बाहेरची कड अर्धवर्तुळ असते. आतली कड, म्हणजे उजेड-अंधाराची सीमा, पृथ्वीवरून अर्ध्या लंबवर्तुळासारखी दिसते, आणि दोन टोकांमधले अंतर चंद्राच्या पूर्ण व्यासाएवढे भरते. झेंड्यावरची कोर बहुधा एका वर्तुळातून दुसरे कापून काढलेली असते, त्यामुळे तिची टोके आत वळतात. ट्युनिशियाच्या झेंड्यावर त्या टोकांच्या आत चांदणीही आहे. आकाशात ते शक्य नाही, कारण तिथे चंद्राचाच काळोखा भाग असतो.

फ्रेंच ‘क्रुआसाँ’ हे याच शब्दाचे रूप. त्या नावाचा पाव व्हिएन्नाच्या ‘किप्फर्ल’वरून आला आणि १९ व्या शतकात पॅरिसमध्ये रुळला. १६८३ च्या व्हिएन्ना वेढ्यात तुर्कांची खोड मोडायला तो भाजला, ही गोष्ट सांगायला छान. समकालीन पुरावा तिला नाही.

इंग्लंडमध्ये कमानीसारख्या वळलेल्या घरांच्या रांगेलाही क्रेसेंट म्हणतात. बाथ शहरातील रॉयल क्रेसेंट (१७६७–७४) ही जॉन वुड धाकटा याने रचलेली ३० घरांची रांग प्रसिद्ध आहे. टायग्रिस-युफ्रेटिसच्या खोऱ्यापासून भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यापर्यंतच्या सुपीक पट्ट्याला ‘फर्टाइल क्रेसेंट’ हे नाव अमेरिकी पुरातत्त्वज्ञ जेम्स हेन्री ब्रेस्टेड यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास रूढ केले. रेड क्रेसेंट हे मदतकार्याचे चिन्ह ओटोमन साम्राज्याने १८७० च्या दशकातील रशियाविरुद्धच्या युद्धात वापरले. जिनिव्हा करारात त्याला मान्यता मिळाली ती १९२९ मध्ये.