प्लग-वीजमापक

घरातील एखादे उपकरण किती वीज घेते हे पाहण्यासाठी सॉकेट व उपकरणाचा प्लग यांच्यामध्ये बसवायचे छोटे इलेक्ट्रॉनिक साधन. त्याच्या पडद्यावर व्होल्ट, अँपिअर, वॉट, शक्तिगुणक (पॉवर फॅक्टर; खरे वॉट भागिले व्होल्ट-अँपिअरचा गुणाकार) आणि साठत गेलेली युनिटे दिसतात. एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास.

पूर्वेतिहास : एडिसन यांचा आरंभीचा मापक विद्युत्-रासायनिक होता, त्यातील जस्ताच्या पट्ट्यांच्या वजनातील फरकावरून वापर काढीत. प्रत्यावर्ती प्रवाहाच्या (ए.सी.) मापकाचा जनक कोण, याविषयी मतभेद आहेत. इटालियन शास्त्रज्ञ गालिलेओ फेरारिस यांनी १८८५ च्या सुमारास अशा मापकाची चकती फिरविणारे फिरते चुंबकीय क्षेत्र दाखविले, म्हणून काही लेखक मूळ श्रेय त्यांना देतात. अमेरिकेत शॅलेनबर्गर यांचा १८८८ चा, तर हंगेरीत ओट्टो ब्लाथी यांचा १८८९ चा मापक पहिला मानण्याकडे कल आहे. मात्र शॅलेनबर्गर यांचे यंत्र अँपिअर-तास मोजी. दाब (व्होल्टेज) व प्रवाह यांच्यातील कलांतर, म्हणजे त्यांच्या लहरींचे पुढेमागे असणे, त्याच्या हिशेबात येत नसे. प्रत्यक्ष ऊर्जा मोजणाऱ्या ब्लाथी यांच्या मापकापासून प्रस्तुत साधनाची परंपरा धरणे अधिक सयुक्तिक वाटते. प्लगमधील रूप बहुधा विसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाले.

कार्य : आतील चिप दाब व प्रवाह यांचे नमुने सेकंदाला शेकडो-हजारो वेळा घेते, त्यांचा क्षणोक्षणीचा गुणाकार करते व सरासरी काढते. हीच खरी शक्ती. नुसता व्होल्ट गुणिले अँपिअर असा हिशेब फसवा ठरतो : ९ वॉटच्या एलईडी दिव्याचा शक्तिगुणक ०.५ असेल, तर तो गुणाकार १८ येईल. युनिटे मात्र ९ वॉटप्रमाणेच पडतील. टीव्ही बंद असतानाचा एखादा वॉट मोजताना स्वस्त मापकांवर फार विसंबू नये.

बडोद्यातील उपयोग : येथील मराठी घरांतल्या घरघंटीचे (घरगुती पिठाच्या गिरणीचे) उदाहरण बोलके आहे. तिच्या मोटरची एक अश्वशक्ती, म्हणजे ७४६ वॉट, हा मोटरच्या दांड्यावर मिळणाऱ्या शक्तीचा आकडा. मोटर पूर्ण भारावर असताना प्लगमधून घेतलेले वॉट त्याहून जास्तच दिसतात. चालू करताना अँपिअरचा आकडा क्षणभर कितीतरी पट उसळतो. फ्रिजचा कॉम्प्रेसर थांबत-थांबत चालतो, त्यामुळे तासाभराचे मापन निरुपयोगी. किमान २४ तासांचे घ्यावे, आणि मे महिन्यातले वेगळे नोंदवावे.

२०२४ मध्ये शहरात स्मार्ट मीटरांविरुद्ध ग्राहकांनी निदर्शने केली. अशा वादात हे साधन मुख्य मीटर खरा की खोटा ते ठरवू शकत नाही, कारण पंखे व ट्यूबलाइट यांची वीज त्यातून जातच नाही. मीटरची तपासणी प्रयोगशाळेचे काम होय. १९७४ मध्ये स्थापन झालेली इर्डा (इलेक्ट्रिकल रिसर्च अँड डेव्हलपमेंट असोसिएशन) ही विद्युत् उपकरणांची चाचणी करणारी संस्था बडोद्यातच मकरपुरा भागात आहे. कोणते उपकरण बिल वाढविते, हे मात्र प्लग-वीजमापक घरच्या घरी दाखवितो.

२,००० वॉटचा गीझर २३० व्होल्टला सुमारे ८.७ अँपिअर घेतो. त्यासाठी १६ अँपिअरचाच मापक वापरावा, ६ अँपिअरचा नव्हे.