संन्यास घेतला, फ्लॅट नावावरच राहिला

घरातलं माणूस गेल्यावर चांगली चाललेली नोकरी किंवा धंदा सोडून आश्रमाची वाट धरणं मुंबईला नवं नाही. पण आज त्यावर होणारे वाद ज्या वळणाने येतात, ते वळण १९७० नंतरचं.

त्या वर्षी आचार्य रजनीशांच्या (पुढे ओशो) नव्या संप्रदायाने भगवी कफनी आणि माळ दिली, घर-नोकरी सोडायची अट मात्र काढून टाकली. सुरुवातीची काही वर्षं हा पसारा मुंबईतच होता, १९७४ साली तो पुण्याला हलला. घरातल्या मृत्यूंनी हादरलेला हिंदी पडद्यावरचा आघाडीचा नायक विनोद खन्ना याच वाटेने गेला. आधी काही वर्षं चित्रीकरण आणि कफनी दोन्ही सांभाळलं, १९८२च्या सुमारास ऐन भरातली कारकीर्द टाकून तो अमेरिकेतल्या वसाहतीत राहायला गेला, आणि १९८७ साली परत पडद्यावर आला. तोवर घटस्फोट होऊन गेला होता. चर्चा झाली ती गुरूची आणि नायकाची. घरच्यांकडे कोणी फारसं वळून पाहिलं नाही.

त्याआधीचे दाखले सर्वांना ठाऊक आहेत. दुष्काळात बायको-मुलगा गमावलेल्या देहूच्या वाण्याने कर्जखतं इंद्रायणीत सोडली, संसार सोडला नाही. आळंदीच्या भावंडांच्या वडिलांना तर गुरूनेच काशीहून परत धाडलं, कारण घरी बायको होती. स्मशानवैराग्य ओसरतं हे जुन्या मंडळींना पक्कं माहीत होतं. म्हणूनच बऱ्याच मठांत आजही आधी काही वर्षं ब्रह्मचारी म्हणून ठेवतात, मग दीक्षा.

कायद्यातला खरा गुंता मात्र १९५५-५६ चा. शास्त्राप्रमाणे विधिवत संन्यास म्हणजे नागरी मृत्यू: माणूस स्वतःचं श्राद्ध घालतो, इस्टेट वारसांकडे जाते. नुसती भगवी वस्त्रं चढवून भागत नाही, विधी झाले पाहिजेत, हे न्यायालयांनीही वेळोवेळी सांगितलं. मग हिंदू कायद्यांची नवी मांडणी झाली आणि या मृत्यूचे तुकडे पडले. १९५५च्या विवाह कायद्यात जोडीदाराचा संन्यास हे घटस्फोटाचं कारण ठरलं. म्हणजे लग्न आपोआप सुटत नाही. मागे राहिलेल्यानेच कोर्टाची पायरी चढायची. १९५६च्या पालकत्व कायद्याने संन्याशाचा नैसर्गिक पालक म्हणून हक्क काढून घेतला. दत्तकाच्या कायद्यात त्याची संमतीही लागत नाही. वारसा कायद्याने मात्र अपात्रतेची कारणं मोजून दिली, बाकी कुठल्याही कारणाने कोणी अपात्र ठरणार नाही असंही म्हटलं, आणि त्या यादीत संन्यास नाही. थोडक्यात, मुलांचा पालक म्हणून तो उरत नाही, वडिलांच्या इस्टेटीत वाटेकरी म्हणून उरू शकतो. हे जाणूनबुजून केलं की सुटून गेलं, यावर वकील मंडळी अजून भांडतात. हेतू काहीही असो, भार पडला तो घरात उरलेल्यांवर.

करखात्यापुढे तर नागरी मृत्यूचा युक्तिवाद टिकलाच नाही. पगार संस्थेला देऊन टाकतो, दारिद्र्याचं व्रत घेतलं आहे, असं दक्षिणेतल्या अनुदानित शाळांत शिकवणारे ख्रिस्ती धर्मगुरू आणि जोगिणी (नन) सांगत होत्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पगारातून करकपात योग्यच ठरवली.

मुंबईत हे सगळं अखेर येऊन ठेपतं सोसायटीच्या कचेरीत. नॉमिनी लावलेला असला तरी शेअर सर्टिफिकेट त्याच्या नावे करायला सभासदाच्या मृत्यूचा दाखला लागतो, आणि हयात संन्याशाचा तो निघत नाही. त्यामुळे जाणकार सीए दीक्षेची तारीख ठरायच्या आधीच नोंदणीकृत बक्षीसपत्र करायला सांगतात. राहतं घर नवरा, बायको किंवा मुलांच्या नावे करायला महाराष्ट्रात मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, अधिभार आणि नोंदणीचा खर्च वेगळा. सही मात्र दीक्षेनंतरच्या नव्या नावाने चालत नाही, पॅन आणि आधारवरच्या जुन्याच नावाने करावी लागते.