टॅबला कीबोर्ड: रेमिंग्टनपासून ब्लूटूथपर्यंत

नागपूरच्या महाज्योती या सरकारी संस्थेने ओबीसी, भटक्या-विमुक्त (व्हीजेएनटी) आणि विशेष मागास प्रवर्गातल्या (एसबीसी) विद्यार्थ्यांना प्रवेश परीक्षांच्या तयारीसाठी टॅब दिले. विदर्भातल्या खेड्यांत कित्येक घरांत संगणकासारखं पहिलं यंत्र आलं ते असं. परीक्षा आटोपली तरी टॅब कपाटात जात नाही. कोणी त्यावर तहसीलचा अर्ज लिहितं, कोणी बचत गटाचा ठराव, कोणी लिपिकाच्या भरतीसाठी हात बसवतं. काचेवर बोट मारून दोन ओळी होतात, दोन पानं होत नाहीत. मग कीबोर्डचा शोध सुरू होतो आणि दुकानात विचारलं जातं किंमत आणि रंग. मराठी लिहिणाऱ्याने आधी कळांची मांडणी विचारावी, आणि तो प्रश्न टॅबपेक्षा फार जुना आहे.

दारव्हा, आर्वी, मेहकर अशा तालुक्याच्या गावी ज्यांनी टायपिंगची परीक्षा दिली, त्यांची बोटं रेमिंग्टन या टाइपरायटरच्या मांडणीवर बसली. मराठी ३०, मग मराठी ४०. मिनिटाला इतके शब्द, आणि त्यावर नोकरी. गोदरेजने १९५५ साली भारतात टाइपरायटर बनवायला सुरुवात केली आणि पुढे कचेऱ्यांमध्ये ही यंत्रं वर्षानुवर्षं खडखडत राहिली. टाइपरायटरला भाषा कळत नाही, त्याला आकार कळतात. अर्धं अक्षर वेगळं, काना वेगळा. ‘कि’ लिहायचं तर आधी वेलांटी मारायची, मग क, कारण कागदावर वेलांटी डावीकडे पडते.

संगणकासाठी हा विचार उलटा करावा लागला. १९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने इन्स्क्रिप्ट मांडणी प्रमाण केली. पुढे संगणकावर भारतीय लिप्या साठवण्यासाठीच्या १९९१ च्या इस्की मानकातही ती आली. तिच्यात डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. क आणि ख एकाच कळेवर, ख साठी शिफ्ट. लिहायचं बोलण्याच्या क्रमाने: आधी क, मग वेलांटी. मला ही मांडणी फार विचारपूर्वक केलेली वाटते. सगळ्या प्रमुख भारतीय लिप्यांना ती सारखीच असल्यामुळे सिरोंच्याकडे तेलुगू लिहिणाऱ्यालाही क त्याच कळेवर सापडतो.

तरीही ती कचेऱ्यांत लवकर रुजली नाही. रेमिंग्टनवर बसलेला हात मोडायला कोण तयार होणार? १९९० च्या दशकात त्याच मांडणीवर चालणारे फॉन्ट आले, काम चाललं. पण एका संगणकावरचं पत्र दुसऱ्यावर उघडलं की अक्षरांचा नुसता चिवडा. प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणाऱ्या युनिकोडने हा गुंता सोडवला, आणि विंडोज २००० पासून मराठी इन्स्क्रिप्ट संगणकात आयतंच मिळू लागलं.

टॅबचा काळ त्यानंतरचा. २०१० साली आयपॅड आला तेव्हाच ॲपलने त्याला जोडायचा कीबोर्डही विकायला ठेवला होता. पुढच्या वर्षी अँड्रॉइडच्या ३.१ आवृत्तीत यूएसबी कीबोर्ड थेट जोडायची सोय झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दिल्लीत स्वस्त ‘आकाश’ टॅबची घोषणा झाली. २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या सरफेस टॅबच्या झाकणातच कीबोर्ड बसवला.

या सगळ्यात एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही. कीबोर्ड अक्षर पाठवत नाही, तो फक्त कोणती कळ दाबली एवढाच क्रमांक पाठवतो. त्या क्रमांकाचं अक्षर टॅब ठरवतो. म्हणून कळांवर देवनागरी छापलेला कीबोर्ड घेतला तरी टॅबमध्ये मांडणी नसेल तर मराठी उमटणार नाही, आणि नुसत्या इंग्रजी कीबोर्डवरही उत्तम मराठी लिहिता येईल. काही टॅबच्या सेटिंगमध्ये देवनागरी मांडणी असते, काहींवर वेगळं ॲप घालावं लागतं. काचेवर इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवण्याची सवय असेल, तर ती सोय बाहेरच्या कीबोर्डवर तशीच चालेल असं धरून चालू नये.

दुकानात कीबोर्ड जोडून ‘वऱ्हाड’ लिहून पाहावं. इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्टसह र ची कळ दाबली की ऱ येतो. त्याला हलन्त (अक्षराचा पाय मोडणारी खूण) आणि ह जोडला की ऱ्ह झाला पाहिजे. तिथे ‘र्हाड’ उमटलं तर ती मांडणी मराठीसाठी अपुरी आहे. मग ‘शाळा’ लिहावं, म्हणजे ळ ची कळही कळेल.

ब्लूटूथ की वायर, हे विजेवर ठरवावं. ओटीजीने, म्हणजे टॅबला यूएसबीची वस्तू जोडणाऱ्या छोट्या जोडणीने, जोडलेला वायरचा कीबोर्ड टॅबवरूनच चालतो, त्याला वेगळं चार्जिंग नको. भारनियमनाच्या गावात मी तोच सुचवेन. ब्लूटूथचाच हवा असेल तर पेन्सिल सेलवर चालणारा बघावा, सेल किराणा दुकानातही मिळतात. घडीचे आणि सात इंची टॅबच्या कव्हरमधले कीबोर्ड दिसायला सुबक असतात, पण पूर्ण आकाराच्या कीबोर्डवर शेजारच्या दोन कळांच्या मध्यांतलं अंतर साधारण १९ मिलिमीटर असतं, आणि भरतीच्या चाचणीत संगणकापुढे तेच येतं. ज्याला त्या चाचणीला बसायचं आहे त्याने लहान कळांवर सराव करू नये, आणि चाचणीत कोणती मांडणी चालते हे जाहिरातीत वाचूनच कीबोर्डला पैसे घालावेत.