सागरी जलतरण, दीर्घ पल्ल्याचे (नागपूर)

समुद्र, खाडी, नदी किंवा तलाव अशा खुल्या पाण्यात सलग मोठे अंतर पोहण्याचा क्रीडाप्रकार. ऑलिंपिकमध्ये १० किमी शर्यतीचा समावेश २००८ मध्ये झाला. तरी जलतरणपटूचा मान अजूनही एकट्याने पार केलेल्या सामुद्रधुन्यांवरच ठरतो.

इंग्लंड व फ्रान्स यांच्यामधील इंग्लिश खाडी १८७५ मध्ये मॅथ्यू वेब यांनी २१ तास ४५ मिनिटांत ओलांडली. इंग्लंडमधील डोव्हर ते फ्रान्समधील काप ग्री-ने हे सरळ अंतर सुमारे ३३ किमी. भरती-ओहोटीच्या ओढीमुळे प्रत्यक्षात बरेच अधिक पोहावे लागते. साधा पोहण्याचा पोशाख, एक टोपी, गॉगल अशा मोजक्या वस्तूंनाच मुभा असते. बोटीला हात लागला की प्रयत्न बाद. त्यामुळे पेयाची बाटली दोरीला बांधून पाण्यात टाकतात. पोहणारा पाय मारत जागच्या जागी तरंगून ती पितो आणि दोरी परत ओढली जाते. एकट्याने उतरण्यापूर्वी १६ अंश सेल्सिअस किंवा त्याहून थंड पाण्यात सहा तास पोहल्याचा दाखला लागतो.

भारतीयांपुरता अग्रक्रमाचा वाद १९५८ चा आहे. मिहिर सेन यांनी २७ सप्टेंबरला १४ तास ४५ मिनिटांत खाडी पार केली व अनेक ठिकाणी त्यांना ‘पहिले आशियाई’ म्हटले जाते. हे मान्य करणे अवघड आहे. तत्कालीन पूर्व पाकिस्तानचे ब्रजेन दास त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पार गेले होते. पहिले भारतीय हा सेन यांचा मान मात्र निर्विवाद. पुढे १९६६ मध्ये त्यांनी पाल्क, जिब्राल्टर, दार्दानेल्स, बॉस्फरस व पनामा कालवा असे पाच टप्पे एकाच वर्षात पूर्ण केले. पैकी पाल्कला २५ तास ३६ मिनिटे लागली. आरती साहा (१९५९) या खाडी पोहणाऱ्या पहिल्या आशियाई महिला. पुण्याचे रोहन मोरे यांनी २०१८ मध्ये ‘ओशन्स सेव्हन’ ही जगभरातील सात सामुद्रधुन्यांची मालिका पूर्ण केली. आशियात ते पहिले.

नागपूरला समुद्र नाही. खुले पाणी म्हणजे मुख्यतः नाग नदीवरील अंबाझरी तलाव. त्याच्या बांधणीचे साल बहुधा १८७० असे देतात आणि श्रेय नागपूरच्या भोसले राजांना. दोन्ही गोष्टी एकत्र जुळत नाहीत. तिसरे रघूजी डिसेंबर १८५३ मध्ये वारले आणि १८५४ मध्ये राज्य खालसा झाले. तेव्हा मूळ बांध भोसलेकालीन व १८७० च्या सुमारास इंग्रजी अमदानीत शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी त्याचा विस्तार, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. अलीकडे जलपर्णीने पृष्ठभाग व्यापला की पोहण्याजोगे पाणी आक्रसते. शिवाय बुडण्याच्या घटनांमुळे येथे मनमानेल तसे उतरणे धोक्याचेच.

गोड्या पाण्यात तयार झालेल्या पोहणाऱ्याला समुद्र दोन परींनी वेगळा लागतो. खाऱ्या पाण्याची घनता सुमारे अडीच टक्के जास्त, म्हणून शरीर वर राहते व पाय कमी बुडतात, हा फायदाच. उलट मिठाने जीभ सुजते आणि लाटांनी मळमळते. थंडीची सवय ही नागपूरकरांची खरी अडचण. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या गावात खाडीच्या १५ ते १८ अंशांची तयारी करायची, तर बर्फ टाकलेल्या टबात बसण्यावाचून फारसा इलाज उरत नाही. रोजचा सराव मात्र टँकमध्येच होतो.

शहराचे जागतिक यशही टँकमधलेच: नागपूरस्थित अंध जलतरणपटू कांचनमाला पांडे यांनी २०१७ मध्ये मेक्सिकोतील जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेत २०० मीटर वैयक्तिक मिडलेचे (पोहण्याच्या चारही शैलींची एकत्रित शर्यत) सुवर्णपदक मिळवले. खुल्या पाण्याकडे वळणाऱ्यांसाठी राज्यात पहिली पायरी बहुधा मालवणच्या चिवला किनाऱ्यावरील स्पर्धा. त्यानंतर धरमतर ते गेटवे ऑफ इंडिया हा सुमारे ३६ किमीचा टप्पा येतो.