सांगलीचा उन्हाळा आणि तापणारा पीसी

एप्रिल-मेमध्ये सांगलीचा पारा 40 च्या आसपास घुटमळू लागला की हिवाळाभर बरा चाललेला पीसी दुपारी रेंगाळतो. मग कुणी विंडोज नव्याने टाकून घेतो, कुणी रॅम वाढवतो, आणि पैसे वाया जातात. पीसी फक्त उन्हाळ्यातल्या दुपारीच मंदावत असेल, तर आधी उष्णतेचा हिशेब मांडून पाहावा.

तो सोपा आहे. 65 वॅटचा प्रोसेसर घ्या. त्यावरचा कूलर (धातूचा हीटसिंक आणि फॅन) चांगला असेल तर दर वॅटमागे प्रोसेसर आतल्या हवेपेक्षा 0.6 अंश वर जातो, म्हणजे 39 अंश. कॅबिनेटमधली हवा खोलीपेक्षा 8 अंश गरम धरू. खोली 22 अंशांवर असताना चिप, म्हणजे प्रोसेसर, 69 वर राहील, खोली 40 झाली की 87 वर. आता धूळ आणि वाळलेली पेस्ट (चिप व कूलर यांमधला उष्णता वाहून नेणारा लेप) यांमुळे 0.6 चे 0.85 झाले असे समजा. हिवाळ्यात बेरीज 85 येते, कुणाच्या लक्षातही येत नाही. उन्हाळ्यात तीच 103 होते. इंटेलच्या बहुतेक डेस्कटॉप चिपना मर्यादा 100 अंशांच्या आसपास असते. तिथे पोचताच चिप स्वतःच वेग उतरवते. म्हणजे बिघाड दिवाळीपासूनच होता, उन्हाने तो फक्त उघडा पाडला.

विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूचे तापमान दिसत नाही. त्यासाठी एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर चालते, लिनक्सवर सेन्सर्स ही आज्ञा. 15 मिनिटे जड काम देऊन आकडा पाहावा आणि शेजारी खोलीचे तापमानही लिहून ठेवावे. नुसता डेस्कटॉप उघडा असतानाच्या आकड्याला काही अर्थ नाही.

आपल्याकडे धुळीचेही प्रकार आहेत. हळदीच्या पेठेत पॉलिशची पिवळी भुकटी, जत-आटपाडीकडे माळावरची माती, आणि ऊस पेटवून तोडला की दारात पडणारी काळी राख. ही धूळ हीटसिंकच्या पात्यांवर बाहेरून दिसते त्याहून जास्त फॅनच्या खाली साचते. वरून फुंकर मारून उपयोग नाही. फॅन सुटा केला की पात्यांच्या तोंडावर करड्या नमद्याचा एक थरच उचलून निघतो. ब्लोअर मारताना फॅनचे पाते बोटाने धरून ठेवावे. मोकळे सोडले तर ते वाजवीपेक्षा जोरात फिरते, बेअरिंगची वाट लागते, आणि मोटर उलटी वीज तयार करून मदरबोर्डकडे ढकलू शकते.

पेस्ट बदलताना ती कशासाठी असते ते ध्यानात असू द्यावे. दोन धातू कितीही गुळगुळीत दिसले तरी मध्ये सूक्ष्म फटी राहतात आणि तिथे हवा अडकते. हवेची उष्णतावाहकता 0.026, पेस्टची साधारण 4 ते 8, ॲल्युमिनियमची 200 च्या वर. म्हणजे पेस्ट हवेपेक्षा कैक पटींनी बरी, पण धातूपुढे अगदीच लंगडी. म्हणून ती फटींपुरतीच हवी. जुनी पेस्ट आयसोप्रोपाईल अल्कोहोलने पुसून काढावी आणि चिपच्या मधोमध 4-5 मिलिमीटरचा ठिपका ठेवावा. पसरवण्याचे काम कूलरचा दाब करतो.

खरी चूक होते ती कूलर बसवताना. इंटेलसोबत येणाऱ्या कूलरला चार प्लॅस्टिकच्या खुंट्या असतात. काढताना त्या बाणाच्या दिशेने फिरवून वर ओढायच्या. परत बसवण्याआधी उलट फिरवून मूळ जागी आणायच्या आणि समोरासमोरच्या तिरक्या जोड्यांनी, टक आवाज येईपर्यंत दाबायच्या. मदरबोर्डच्या पाठीमागे चारही पांढऱ्या पायांमधून काळी टोके बाहेर आलेली दिसली पाहिजेत. एक जरी अर्धवट राहिली तरी कूलर कलतो आणि पीसी सुरू होताच तापमान शंभरीकडे धावते. एएमडीच्या एएम4 सॉकेटमध्ये बसणाऱ्या चिपची तऱ्हा वेगळी. पेस्ट चिकटून बसते आणि कूलर सरळ वर ओढला की चिपही सॉकेटमधून उपटून येते, पिना वाकतात. आधी 10 मिनिटे मशीन चालवून गरम करावे, मग वीज काढून कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सोडवावा.

एवढ्याने भागले नाही तर कॅबिनेटला हात घालायचा. पुढून हवा आत, मागून बाहेर. आत येणारी थोडी जास्त असली की फटींतून धूळ शिरत नाही. 120 मिलिमीटरच्या फॅनला स्क्रूच्या भोकांमधले अंतर 105 मिलिमीटर लागते. पत्रा कापायला कुपवाड एमआयडीसीतल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये रिकामे कॅबिनेट न्यावे. रिकामे म्हणजे खरोखर रिकामे, कारण लोखंडाचा एक कीस मदरबोर्डवर शॉर्टला पुरतो. जाळी म्हणून मच्छरदाणीचे कापड चालते, फक्त ते महिन्याला झटकायचे. तुंबलेली जाळी नसलेली बरी.

उष्णता मुळातच कमी निर्माण करणे हा सर्वांत स्वस्त उपाय. चिपची वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे व्होल्टेज 10 टक्के उतरवले तर वेग तोच राहूनही ही वीज 19 टक्के घटते. बायोस (मदरबोर्डची मूळ सेटिंग) परवानगी देत नसेल तर विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल स्थिती 99 टक्के करावी. बहुतेक मशीनमध्ये त्याने टर्बो (गरजेला आपोआप वाढणारा वेग) बंद होतो. टायपिंगला आणि टॅलीला फरक जाणवत नाही, व्हिडिओ एडिटिंगला जाणवतो.

कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येत असतील तर मात्र हे सगळे बाजूला ठेवावे. एसएमपीएसमधले (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यातले) दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलपासून पत्र्याला जोडलेले असतात; अर्थिंग नसेल तर पत्रा 230 च्या निम्म्यावर, 115 व्होल्टच्या आसपास तरंगतो. दोष बहुधा पीसीचा नसून घरच्या वायरिंगचा असतो. सॉकेटमध्ये फेज आणि अर्थ यांमध्ये मल्टिमीटरने 230 च्या जवळपास आकडा यायला हवा. तो येत नसेल तर आधी वायरमनला बोलवावे. आणि एसएमपीएसचा डबा घरी उघडू नये. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर 325 व्होल्ट किंवा त्याहूनही जास्त दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकतो. त्याचा फॅन खडखडू लागला तर फॅन नव्हे, पूर्ण एसएमपीएस बदलावा.